रविवारी ती घरात नसते

लिफ्टमिस्त्रीची बायको घरातल्या घरात पहिल्यांदा नाहीशी झाली तो रविवार होता. सकाळचा चहा झाला, कप विसळून पालथे पडले, आणि तिने बाहेर जायच्या चपला घातल्या, पर्स मांडीवर घेतली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

"मी आता घरात नाही," ती म्हणाली. "दिवे लागायच्या वेळेला येईन."

"अगं, पण चाललीस कुठे?" मिस्त्रीने विचारलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, जशी काही तिला घेऊन बसच सुटली होती.

घरात माणसं चार. मिस्त्री, त्याची बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मिस्त्रीचे वडील नाना. नानांचा तोल अधूनमधून जायचा, जिभेवरचा ताबा तर केव्हाच गेला होता. मुलीने आईचं नाव ठेवलं होतं 'चौकशी खिडकी'. आई, कात्री? अगं, माझा दुसरा मोजा? सूनबाई, डोळ्याचे थेंब? खिडकी मान वर न करता उत्तरं द्यायची. आज ती खिडकी बंद होती, आणि बंद का आहे याची पाटीसुद्धा लावलेली नव्हती.

आधी सगळे हसले. मग मिस्त्रीला कात्री लागली. त्याने टीव्हीखालचा खण उघडला, तर तिथे मेलेल्या रिमोटांचं अख्खं खानदान निघालं, कात्री नाही. मुलीने साखर शोधली ती चहापत्तीच्या शेजारी. साखर होती वरच्या फळीवर, दोन डब्यांच्या मागे, म्हणून तिने बिनसाखरेचा चहा प्यायला आणि तोंड वाकडं केलं. नाना थेंबांसाठी आपल्या खुर्चीभोवती चाचपडत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सून घरात नाही म्हणते, मग ही खुर्चीत बसलीय ती कोण, पाहुणी?" पाहुणी हसलीसुद्धा नाही.

दिवे लागले तशी ती उठली, "आले बरं का मी," म्हणाली, आणि कांदा चिरायला बसली.

मिस्त्रीला काही चैन पडेना. त्याच्या कामात असलं सोंग वर्षातून एकदा करावंच लागतं. रिकामी केबिन घ्यायची, दोर तुटला असं नाटक करायचं आणि खालची पकड रुळांना घट्ट धरते की नाही ते बघायचं. दोर चांगला असतानाच हे करायचं असतं, हे तोच नव्या पोरांना शिकवायचा. पण बायकोने हे सोंग काढलं म्हटल्यावर त्याचं शहाणपण पेंड खायला गेलं. हिचा कुठला दोर झिजलाय? डॉक्टरांनी काही सांगितलंय का? की ही मला सोडून निघालीय? तो घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस सरळ विचारत नाही.

"तब्येत बरी आहे ना गं?" त्याने सोमवारी आडून विचारलं.

"ठणठणीत."

"मग कालचं ते काय होतं?"

"रविवारचं रविवारी बघू," ती म्हणाली आणि त्याच्या हातात डबा दिला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा चपला घालून नाहीशी झाली. मिस्त्रीने सवयीने टीव्हीखालचा खण ओढला. रिमोट गायब होते आणि आत एकटी कात्री पडली होती. त्याने मुलीला हाक मारली. साखर चहापत्तीशेजारी येऊन बसली होती. नानांचे थेंब त्यांच्या खुर्चीच्या हातालाच एका पिशवीत लटकत होते. भाजी वाढायचे सात डाव होते त्यांचे दोन झाले होते, आणि चाव्यांचा तो गुंता, ज्यातल्या निम्म्या चाव्यांची कुलपंसुद्धा कोणाला आठवत नव्हती, तो सुटून मोजक्या चाव्या खिळ्यांना लागल्या होत्या.

मिस्त्रीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती बाहेर बघतच नव्हती! खिडकीच्या काचेत सगळी खोली दिसत होती. कोणाचा हात पहिल्यांदा कुठे जातो ते ती बघायची, आणि आठवड्याभरात ती वस्तू त्या हाताखाली आणून ठेवायची. घराला वळण लावण्यात लोकांचा जन्म जातो, हिने माणसांना न वळवता घरच वळवायला घेतलं होतं.

आता त्याला नाद लागला. खात्री करायलाच हवी, म्हणून त्या दिवशी त्याने नेलकटर मुद्दाम चपलांच्या कपाटात शोधला, तोही मोठ्याने पुटपुटत. आठवड्याने नेलकटर चपलांच्या कपाटात! मिस्त्री मनातल्या मनात नाचला.

"बाबा, तुम्ही खोटं शोधताय," मुलगी म्हणाली.

"प्रयोग आहे हा."

"आईला कळलं तर तुमचाच प्रयोग होईल."

पण मिस्त्री ऐकतो कसला. लगेच त्याने मोठं नाटक केलं. "न्हाणीघराची चावी कुठे ठेवलीय कोण जाणे!" म्हणत त्याने फ्रिज उघडला आणि अंड्यांचा कप्पा चाचपला. काचेत बायकोची भुवई हललेली त्याला दिसली. तो खूश झाला.

बुधवारी ती खरोखरच बाहेर गेली, बहिणीकडे. मुलगी कॉलेजात. त्या दिवशी पाळी दुपारची, म्हणून मिस्त्री घरीच होता. नाना अंघोळीला गेले आणि आतून धप्प आवाज आला.

"नाना!"

"पडलोय," आतून आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "दाराला टेकलोय. उठता येत नाही."

दाराला गोल मुठीचं कुलूप, आतून बटण दाबलं की बंद, बाहेरून चावीनेच उघडायचं. खांद्याने दार फोडावं तर ते नानांच्याच पाठीत बसणार. मिस्त्री चावीच्या खिळ्याकडे धावला. खिळा रिकामा. टीव्हीखालचा खण, कात्री. कपाटावर, काही नाही. "अगं, चावी—" तो ओरडला आणि वळला, तर खुर्ची रिकामी. आज ती खरंच घरात नव्हती. आयुष्यभर अडकलेल्या केबिनींतून परक्या माणसांना बाहेर काढणारा माणूस स्वतःच्या बापाच्या दारापुढे घामाघूम होऊन उभा राहिला. नाना आतून काही बोलत नव्हते, आणि नाना गप्प बसले की घरात सगळ्यांच्याच काळजाचा ठोका चुकायचा.

मग त्याला आपलं नाटक आठवलं. अंड्यांच्या कप्प्यात चावी होती, बर्फासारखी गार.

त्याने दार हळूहळू ढकललं, नाना इंच इंच सरकले. कपाळाला टेंगूळ आलं होतं, बाकी हाडं शाबूत. "जगाच्या लिफ्ट उघडत फिरतोस," ते म्हणाले, "बापाला मात्र आत लटकवून ठेवतोस होय रे?" मिस्त्रीला हसू आलं नाही.

बायको आल्यावर त्याने सगळं सांगितलं, नेलकटरापासून. तिने नानांचं टेंगूळ पाहिलं, मग नवऱ्याकडे. ती अशी चिडलेली त्याने कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

"मी तुमच्या डोक्यात शिरून घर लावत होते, आणि तुम्ही मला खोटा पत्ता दिलात!"

"चुकलं गं. पण तू हे का करतेस तेही सांगेनास. मला वाटलं तुला काही झालंय, नाहीतर... तू चाललीस."

ती खुर्चीत बसली, या वेळी चपला काढून. "गेल्या वर्षी माझं अपेंडिक्स काढलं. भूल धड उतरली नव्हती आणि तुमचा फोन, कुकरची रिंग कुठाय? मग पोरीचा फोन, मग नानांचा. पोटाला टाके, आणि मी झोपल्या झोपल्या फळ्या मोजतेय. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, तुम्ही दुकान चालवता का?" तिने चपला खुर्चीखाली सरकवल्या. "मला काही झालेलं नाही. कधी काय होईल ते कोणाला कळतं? पण पुढच्या वेळी मला निवांत आजारी पडायचंय. एवढंच हवंय मला."

मिस्त्रीला आपली लाज वाटली. ते फोन त्याला आठवत होते. रिंग सापडल्याचा आनंदही आठवत होता.

पुढच्या रविवारी बायको चपलांपर्यंत पोचायच्या आत मिस्त्री बूट घालून, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसला होता.

"आज मी घरात नाही," तो म्हणाला आणि काचेकडे तोंड केलं.

"आज खरं बसा," बायको म्हणाली, आणि कामाला लागली.

दुपारी इस्त्री लावताच फट् झालं आणि पंखा थांबला. बायको दाराजवळच्या फ्यूजच्या पेटीपाशी गेली, तिच्याकडे टक लावून बघत राहिली, मग वळली. मिस्त्री श्वास रोखून काचेत बघत होता. ही टेस्टर कुठे शोधते? खणात? कपाटात? ती सरळ त्याच्यापाशी आली आणि तिने त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला. टेस्टर तिथेच होता, जिथे तो कायम असतो, पेनासारखा अडकवलेला.

"आई, हे चालणार नाही! बाबा घरात नाहीत," मुलगी म्हणाली.

"माझा हात जिथे गेला तिथे गेला. मी काही खोटं शोधत नाही."

घरात नसलेला मिस्त्री जागचा हलला नाही. टेस्टर तिच्या हातात आला खरा, पण पुढे त्याचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ती पेटीपुढे तशीच उभी राहिली. दिवे लागायच्या वेळेपर्यंत नाना पेपराने वारा घेत दोघांना यथेच्छ बोलत राहिले. काचेत तिची ती उभी पाठ बघताना मिस्त्रीला उमगलं. हिला सगळ्या घराचा पत्ता ठाऊक होता. त्याच्या वाटच्या कामांचा मात्र एकच पत्ता होता, आणि तो पत्ता रोज सकाळी डबा घेऊन बाहेर जायचा.

सोमवारी कामावरून येताना त्याने नवा टेस्टर आणला. पेटीशेजारी खिळा ठोकला. कंपनीचा जुना खाकी शर्ट धुऊन ठेवलेला होता, तो त्या खिळ्याला अडकवला आणि टेस्टर त्याच्या खिशात खोचून बटण लावलं.

बायको हात पुसत बाहेर आली. तिला शर्ट दिसला. मग तिने पुढे होऊन त्याची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"आता फ्यूज कसा बदलतात ते दाखवा," ती म्हणाली. "तुम्ही घरात आहात तोवर."