मंत्रीणबाईंची चटई

मी एक जुनी चटई आहे. फाटकी म्हणू नका, जुनी म्हणा. आधी माझी वीण बघा, मग तोंड उघडा.

मित्रांनो, प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या एका बेटावर बोटिका नावाच्या बाईने केवड्याची पाती उन्हात वाळवली, ठोकून मऊ केली आणि मला विणले. तिची मुलगी रोतिया निवडून आली, तेव्हा मला तिच्या काखेत देत ती म्हणाली, "राजधानीत खुर्चीवर बस, मिरव. पण जेवायला खाली बसत जा, नाहीतर घरी येशील तेव्हा मांडी घालता यायची नाही!"

रोतिया मासेमारी खात्याची मंत्री झाली. मोठमोठे पाहुणे माझ्यावर बसून मासे जेवले. "अशी वीण हल्ली मिळत नाही," म्हणाले. मी फुगले. पुढे घरात सोफा आला आणि मी कपाटामागे गेले. ओल लागली. एक कोपरा उंदरांनी खाल्ला. मेल्या सोफ्याचे कौतुक ऐकत मी तशीच उभी राहिले.

मग गावच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, संपत आल्याची बातमी आली. दोन वर्षे कुणी त्या काढल्या नाहीत, तरच वाचणार होत्या. सरकारी हुकमाने खाडी राखली जात नाही. गावाने मनावर घ्यावे लागते. रोतियाने मला झटकले आणि गावी आणले.

आमच्या गावच्या सभाघरात प्रत्येक कुळाची बसायची जागा ठरलेली. पुढे बसून म्हातारे बोलणार, बाया मागे. सरकारी पाहुण्यांची बाजू वेगळी. रोतिया तिथे बसली असती, तर लोकांनी हार घालून ऐकले असते आणि विसरले असते. कुळात बसली, तर तिच्या वतीने बोलणार कुळातले म्हातारे तेकाईकाका. आणि काका तर खाडी राखायच्या विरुद्ध!

रोतिया सरळ काकांच्या मागे आली, मला अंथरले, बसली.

"मंत्रीणबाई, सरकारची जागा तिकडे," काका मान न वळवता म्हणाले.

"सरकार बसेल तिकडे. मी बोटिकाची रोतिया. घरी आलेय."

"मग घरच्या बायांसारखी गप्प बस."

"आई कधी गप्प बसली होती, काका?"

सभाघर हसले. मागून एक म्हातारी ओरडली, "अगं, तिच्या तोंडाला भरतीसुद्धा घाबरायची!"

रोतियाने काकांच्या हातावर मूठभर तिसऱ्या ठेवल्या. नखाएवढ्या.

"ह्यात खायचं काय? नुसती टरफलं!"

"तुमच्याच सुनेने आज सकाळी काढल्यात, काका. मोठ्या उरल्याच नाहीत."

काकांनी तिसऱ्या खाली ठेवल्या. मग वळले, माझी कड धरली आणि रोतियासकट मला ओढत पुढच्या रांगेत आणले. माझी चार पाती तुटली. तुटू देत!

"जड झालीस गं सरकारात," ते पुटपुटले. मग सभेला म्हणाले, "आमच्या घरचं आज ही बोलेल."

ती बोलली. गावाने खाडी राखली.

पुढच्या निवडणुकीत रोतिया पडली आणि गावी परतली. मंत्रिपद गेले, पण तिसऱ्या पुन्हा तळहाताएवढ्या होऊ लागल्या आहेत. आता माझ्यावर बसून ती मुलींना विणायला शिकवते. काही पोरी भलत्याच वेंधळ्या आहेत, पण शिकतील.

मित्रांनो, जपण्याची तऱ्हा वेगवेगळी असते. खाडीला उसंत द्या. मला मात्र नको. मला ऊन दाखवा, सांधा, अंथरा, आणि या, बसा. आधी पाय तेवढे झटका!