सिंधुताईंच्या फोटोवरचा हार

मित्रांनो, मी एक जुना चंदनाचा हार आहे. चंदनाचा म्हणजे नावापुरता. नांदेडच्या दस्तगीरचाचांनी साध्या लाकडाच्या पातळ ढलप्या दोऱ्यात ओवल्या, वर चंदनाचं अत्तर शिंपडलं आणि मला लातूरच्या एका मालिकेवाल्यांना दिलं. मालिकेत आई वारली, की तिच्या फोटोवर मी.

सिंधुताई तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या. मालिकेत त्या आई आणि त्यांच्या नवऱ्याच्या भूमिकेत अण्णाराव. मालिका लिहायचेही अण्णारावच. ताईंनी एवढंच विचारलं, "चहा देण्याशिवाय आईला एखादं वाक्य मिळेल का?"

आठव्या भागात आई वारली.

"फोटोत बऱ्या दिसता, ताई," अण्णाराव म्हणाले. "फोटो उलटून बोलत न्हाई."

नवव्या भागात त्यांनी सत्तावीस वर्षांच्या नटीशी लग्न केलं. मी मागच्या भिंतीवर होतो. तिकडे देगलूरला ताईंच्या आईकडे, मल्लम्मांकडे, शेजारणी मालिका खरी समजून दुखवट्याची भाकरी घेऊन आल्या. ताईंना पुढं तीन वर्षं काम मिळालं नाही. मी सामानाच्या पेटीत पडून राहिलो, मधूनमधून दुसऱ्या आयांच्या फोटोंवर चढलो. अत्तर उडून गेलं, राग तेवढा राहिला.

आता मोबाइलवरच्या मालिकांत साठीच्या बायका वकील होतात, खुनी शोधतात, प्रेमातही पडतात. यंदा दिग्दर्शिका वर्षाराणी यांनी साठीला आलेल्या ताईंना नायिका केलं. अर्धापूरची केळी व्यापारीण, भर बाजारात दलालांना गप्प करणारी. पैसे लावणाऱ्यांनी नवरा म्हणून पुन्हा अण्णारावच आणले. सामानाच्या पेटीतून मीही आलो.

दोन दिवसांत अण्णारावांनी बाजारातलं मोठं भाषण स्वतःकडे ओढलं. "बाजारात बाईचं कोण ऐकून राहिलंय? नवऱ्यानं बोलावं."

ताई वर्षाराणींना म्हणाल्या, "मग मी हितं केळी मोजायला हाय का? ह्यांना पहिल्याच भागात जाऊ द्या."

"कशानं जाऊ द्यायचं, ताई?"

"तापानं. लई हाल नका करू."

त्याच दुपारी अण्णारावांचा फोटो काढला. "हसू नका," ताई म्हणाल्या, "गेलेलं माणूस हाय." मला त्यांनी स्वतःच्या हातानं चढवलं, जरा मागं सरकून पाहिलं आणि सरळ केलं. भाषणही त्यांनीच केलं, फोटोकडे पाठ करून.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. मला ओलावा सोसत नाही. कोरड्या डब्यात ठेवा, वाळवी लागू देऊ नका. आजवर मी अकरा आयांच्या फोटोंवर चढलो, बापाच्या फक्त एका. मला टिकलं पाहिजे. अजून दहा बाप बाकी आहेत.