पंचेचाळीसच्या पुढे

मूठ फिरेल तेवढी पिळूनही काटा पंचेचाळीसवरून हलेना, तेव्हा शोरूमच्या मेकॅनिक बाईने ती जुनी तीनचाकी कडेला घेतली आणि हँडलपाशी वाकून मुठीचे स्क्रू सोडवायला लागली.

"अहो, ते उघडू नका," पायरीवर बसलेला गाडीचा मालक म्हणाला.

"बदलीत घ्यायची तर आतून बघावी लागते, काका."

"बघा मग. पण ती तेवढीच पळते. म्हणून तर लोक मला पंचेचाळीस म्हणतात."

हे त्याने हसत सांगितलं. अकरा वर्षं तो ते असंच हसत सांगत आला होता. दारोदार फिरून शिलाई मशीन दुरुस्त करायचं त्याचं काम. अपघातात डावा गुडघा कायमचा आखडला, दोन चाकांवर पाय टेकवेना, तेव्हा त्याच्या मित्राने, गॅरेजवाल्या वस्तादने, याच्याच जुन्या मोटरसायकलला मागे दोन चाकं जोडून ही गाडी बनवून दिली होती. पंचेचाळीस हे नावही वस्तादचंच. पहिल्याच दिवशी गल्लीतल्या सगळ्यांसमोर त्याने ते ठेवलं आणि नाव असं चिकटलं की घरी बायकोसुद्धा कौतुकात आली की तेच वापरायची.

आता उजवा खांदा रोज संध्याकाळी भरून यायचा. बायको तेल चोळता चोळता नव्या गाडीचा विषय काढायची आणि तो टाळायचा. नवी गाडी घेणं म्हणजे वस्तादच्या तोंडावर सांगणं की तुझं काम संपलं. दोन वर्षं त्याने अशी ढकलली. आज मात्र शोरूमची नवी तीनचाकी चालवून बघायला म्हणून तो आला, आवारात दोन फेऱ्या मारल्या, आणि उतरावंसंच वाटेना. हँडल इतकं हलकं, की उघड्या दाराला आपण उगाच खांदा लावतोय असं त्याला वाटलं.

"काका, हे बघा."

बाईच्या तळहातावर पितळेची बारीकशी चकती होती, मधे भोक असलेली.

"हा बुश ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये अडकवला होता. मूठ अर्धी पिळली की अडायची. इंजिन चांगलं आहे हो तुमचं. साठ-सत्तर सहज जाईल. कुणी बसवला हा?"

पंचेचाळीसने बुश चिमटीत धरला. ओळख पटायला क्षणही लागला नाही. दोऱ्याची बॉबिन भरायच्या चाकाखाली बसतो तो बुश, जुन्या काळ्या मशीनचा. त्याच्याच डब्यातला. गाडी ताब्यात द्यायच्या दिवशीच वस्तादने मागितला होता, "एखादा बारीक पितळी बुश असेल तर दे रे," म्हणून, आणि त्याने कशाला हवा हेही न विचारता काढून दिला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो इथे स्वतःच्या हाताने तासून दिलेला.

"परत बसवू?"

"नको," तो म्हणाला.

"बरं. मागची बाजू उद्या लिफ्टवर घेऊन बघते. गाडी घेऊन या दुपारी."

शोरूमपासून गॅरेजपर्यंतचा रस्ता मोकळा होता, पण त्याची मूठ पंचेचाळीसच्या पुढे गेली नाही. हाताला तेवढंच ठाऊक होतं. डोक्यात मात्र भलतंच चाललं होतं. गावापासून पंचवीस किलोमीटरवर कपड्यांचा मोठा कारखाना निघाला तेव्हा त्यांनी त्याला बोलावलं होतं. अट एकच, मशीन बंद पडलं की अर्ध्या तासात पोचायचं. त्याने पंचेचाळीसच्या वेगाचा हिशेब करून नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी वस्तादच्याच बाकावर बसून त्याने चहा घेतला होता आणि वस्तादने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

अकरा वर्षांत त्याने ही गाडी एकदाही उघडली नव्हती, त्याला कारण होतं. गाडी ताब्यात देताना वस्ताद म्हणाला होता, "आपण दोघं कारागीर. मी बंद केलेलं तू उघडायचं नाही, तू बंद केलेलं मी उघडणार नाही." पंचेचाळीसला ते फार आवडलं होतं. त्याने ते चार ठिकाणी सांगितलंही होतं.

वस्ताद एका सीटचं कव्हर बेतत होता. बुश समोर ठेवल्यावर त्याने कात्री खाली ठेवली आणि दाराकडे बघितलं.

"वहिनींनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "अपघातानंतर आल्या होत्या इथं. हात जोडले माझ्यापुढे. म्हणाल्या, भावजी, काहीही करा, पण ह्यांना पळू देऊ नका. मी काय करणार?"

पंचेचाळीस उभाच राहिला. बसायला सांगितलं असतं तरी तो बसला नसता.

"माझं मशीन झालं का रे?" वस्तादने जरा वेळाने विचारलं. सीट शिवायचं त्याचं जड मशीन चार दिवस दुरुस्तीला होतं.

"होईल."

घरी आला तेव्हा बायको दोरीवरचे कपडे काढत होती. त्याने बुश टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसला. त्याला राग आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. दोन माणसं आपल्या जवळची, दोघांना ठाऊक होतं, आणि दोघंही आपल्याला पंचेचाळीस म्हणून हसत होती.

"हा कुठल्या मशीनचा?" बायकोने कपड्यांच्या ढिगावरून विचारलं. "हरवला तर शोधत बसाल. डब्यात टाका."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग त्याने सांगितलं, सगळं, वस्ताद काय म्हणाला त्याच्यासकट. ती घडी घालता घालता थांबली.

"मी? मी असं सांगितलं?"

"तो म्हणतो."

"मी गेले होते त्यांच्याकडे. एकदाच. ते कारखान्याचं काम आलं होतं ना, तेव्हा." ती खाली बसली. "तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून. त्यांना विचारायला गेले होते की गाडी जरा पळेल असं काही करता येईल का. म्हणाले, वहिनी, या इंजिनात दमच नाही."

तिने टेबलावरचा बुश उचलून पाहिला. खिडकीतून शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत होत्या.

"मग त्याने तो बसवला कशाला?" ती म्हणाली.

"चल," तो उठला. "तुझी शिलाईची टेप घे. पळवून बघू आणि मोजू."

गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर ऊन अजून होतं. बायको मागे बसली, हात नेहमीसारखा त्याच्या खांद्यावर. त्याने मूठ पिळली. पंचेचाळीस. पन्नास. तिची बोटं रुतायला लागली. बावन्नला गाडीचं मागचं अंग डुलायला लागलं, आधी जरासं, मग जोरात, आणि सगळी गाडी डावीकडे ओढ घ्यायला लागली. उजव्या खांद्यातून कळ गेली. त्याने मूठ सोडली. काटा खाली आला तशी गाडी पुन्हा गरीब झाली.

सगळ्या तीनचाकी डावीकडे ओढतातच, असं वस्ताद म्हणाला होता. नवी मुळीच ओढत नव्हती.

तो उतरला, आखडलेला पाय बाजूला पसरून रस्त्यावर बसला. बायकोने टेपचं टोक पुढच्या चाकाच्या मध्यावर धरलं, त्याने दुसरं मागच्या उजव्या चाकापर्यंत ताणलं. मग डाव्या. पुन्हा एकदा मोजलं. जेमतेम पुरणाऱ्या त्या शिलाईच्या टेपवर दोन्ही बाजूंत पाऊण बोटाचा फरक होता. मागचा ॲक्सल तिरका जोडला होता. वेल्डिंग जुनं होतं, पहिल्या दिवसाचं.

"म्हणजे काय?" बायकोने विचारलं.

"म्हणजे त्याची चूक झाली," तो म्हणाला. "आणि ती उघडी पडू नये म्हणून त्याने गाडी बांधून ठेवली."

बायकोने टेप गुंडाळली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, तेल चोळायची तिथेच. दुसऱ्याची मशीनं कान लावून तपासणारा माणूस अकरा वर्षं स्वतःच्या खांद्याने एका वाकड्या गाडीला सरळ धरून होता. दिव्याखाली अंधार तो हाच. यानंतर त्याला पंचेचाळीस म्हणायला आपलीही जीभ रेटत नाही. आपण त्याला मशीनवाला म्हणू.

दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याने वस्तादचं मशीन उघडलं. कुणीही ओळखीतला म्हणाला असता, पाठव तसंच परत. पण हातात घेतलेलं काम अर्धवट सोडणं त्याला जमलं नाही. सकाळभर त्याने ते खोललं, घासलं, तेल दिलं, आणि चामड्याच्या दोन तुकड्यांवर टाके घालून पाहिले. मग तो शोरूमला गेला. गाडीत काही दोष असल्यास, असा रकाना अर्जात होता. ॲक्सल तिरका, त्याने लिहिलं. कुणी बनवली, हाही एक रकाना होता. तो त्याने कोरा ठेवला.

आठवड्याने नवी गाडी घेऊन तो गॅरेजपाशी थांबला. वस्ताद बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, पण तिला हात लावला नाही. मशीनवाल्याने दुरुस्त केलेलं मशीन उतरवून आत नेलं.

"काय झालं होतं त्याला?"

"बूड तिरकं बसवलं होतं कुणीतरी. हळू चालवलं की कळायचं नाही. जोर दिला की सुई भरकटायची. सरळ केलंय."

वस्तादच्या हातात फडकं होतं. तो हात पुसत होता, ते थांबलं.

"वेल्डिंग थंड झाल्यावर कळलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बाहेर सगळी गल्ली जमली होती. तू काठी टेकत उभा होतास. त्या दिवशी सांगायचं राहिलं. मग रोज जास्त अवघड होत गेलं."

"ते मी समजलो असतो, वस्ताद. चूक माझ्याही हातून होते." मशीनवाल्याने खिशातून बुश काढून मशीनच्या पाटावर ठेवला. "पण तुला पकडल्यावर तू तिचं नाव घेतलंस. हात जोडले म्हणालास. एक अख्खी दुपार मी माझ्या बायकोला तसं समजलो."

वस्तादने मान खाली घातली. मशीनवाला दाराकडे वळला. केसाने गळा कापला की जखम बाहेरून दिसत नाही, म्हणून माणसं तशीच चार शब्द बोलून निरोप घेतात.

दारात मशीनवाला थांबला.

"उघडून बघायचं असेल तर बघ ते मशीन," तो म्हणाला. "मी बंद केलेलं कुणीही उघडावं."

तो गाडीवर बसला. मागून "पंचेचाळीस, अरे ऐक ना" अशी हाक आली, मग पुन्हा एकदा. पानाच्या टपरीवरचे दोघं जण वळून बघायला लागले. त्याने आरसा नीट केला आणि मूठ पिळली. गाडी सरळ होती, पण खांदा जुनाच होता. त्याने सवयीने हँडल रेटलं, आणि गाडी उगाच उजवीकडे जायला लागली. त्याने हात सैल सोडला, तशी ती आपली आपण सरळ झाली.