मशीन थांबवायची खूण

बाईंनी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि मुलांची एक बुटकी खुर्ची ठकीच्या वडिलांकडे सरकवली. तो बसला नाही. आपल्या वजनाने ती मोडेल, असं त्याला वाटलं.

"शाळेत आल्यापासून ठकी एक शब्दही बोललेली नाही," बाई म्हणाल्या.

"लाजते हो ती. घरी नुसती बडबड चालू असते."

"काल काय म्हणाली घरी?"

त्याने तोंड उघडलं. काल तिने पाणी मागितलं होतं. म्हणजे अंगठा ओठांना लावला होता, आणि 'पाणी का गं?' असं तोच म्हणाला होता. जेवताना तिला आणखी हवं होतं, तेव्हा तिने ताटावर बोट फिरवलं होतं. परवा? त्याच्या आदल्या दिवशी? तो आठवत राहिला. घरात बडबड होती हे खरं. पण ती सगळी त्याची एकट्याची होती.

बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्याने रुमाल काढून मान पुसली.

"कधी थांबली बोलायची?" बाईंनी हळूच विचारलं.

"कळलंच नाही मला."

"अजून एक आहे. ती मुलांवर मुठी उगारते. आज एकाला ढकललं. त्याची आई भांडून गेली. मोठ्या बाई म्हणतात, हे असंच चालणार असेल तर यंदा तिला घरीच ठेवा."

"मारलं तिने?"

"मारलं नाही. पण मुठी अशा." बाईंनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन मुठीवर मूठ आपटली.

ती खूण त्याने लगेच ओळखली. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तो प्रेस मशीनवर होता. तिथे शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. सगळा कारभार हातांनी चालतो. चहासाठी, पाण्यासाठी, साहेब आलाय हे सांगायला खुणा होत्या, आणि साहेबाची नक्कल करायलाही एक होती. ही मुठींची खूण मात्र चेष्टेत कोणी करत नसे. मशीन थांबवा, कुणाचा तरी हात आत आहे.

"तो मुलगा तेव्हा काय करत होता, बाई?"

"खेळत होती सगळी. हे दार पुढे-मागे ढकलत होती. तो बिजागरीपाशी उभा होता, आणि त्याची बोटं..." बाई थांबल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"थांब म्हणत होती ती त्याला," तो म्हणाला. "ऐकलं नाही म्हणून ढकललं असेल."

"ही खूण तिला कुठून आली?"

"मीच शिकवली. बायको आजारी होती. डोळा लागायचा नाही तिचा, आणि लागला तर जरा आवाज झाला की मोडायचा. म्हणून आम्ही बापलेक घरात कारखान्यासारखं हातांनी बोलायचो. ठकीला गंमत वाटायची."

बाईंनी दाराच्या फटीवरून बोट फिरवलं.

"मोठ्या बाईंशी बोलते मी. पण उद्या पुन्हा असं झालं, तर मुलांना खूण कशी कळणार? तिला 'थांब' म्हणता यायला हवं. एक करा. तिने खूण केली की लगेच उठू नका. वाट बघा. तुम्ही तिचं बोलणं बोलून टाकता, मग तिने कशाला बोलायचं?"

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात पाटावर बसला. ओट्यापाशी स्वयंपाकाला आलेली त्याची मोठी बहीण कणीक मळत होती. ठकी आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि अंगठा ओठांना लावला.

तो उठला नाही. हात त्याने मांडीखाली दाबून धरले.

ठकीने पुन्हा अंगठा लावला. मग त्याचा गुडघा हलवला.

"अरे, पाणी मागतेय पोर," बहीण म्हणाली. "डोळे फुटले का तुझे?"

"ताई, तू मध्ये पडू नकोस."

"वा! दोन माणसांचं घर, त्यात एक मुकं आणि दुसरा आता बहिरा झाला."

ठकीने पाय आपटला. माठ तिच्या हातापासून वीतभर उंच होता. त्याला वाटलं, उठावं, पेला भरावा, मिटवून टाकावं सगळं. त्याने मांडीखालचे हात आणखी दाबले.

"तोंडाने सांग, बाळा. मोठ्याने सांग."

तिने नाही म्हणून मान हलवली. मग तळवा जमिनीकडे करून हात हळूहळू खाली नेला आणि मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

ही खूण त्याने तिला सगळ्यांत आधी शिकवली होती. हळू. आई झोपलीय.

बहिणीचे हात परातीतच थांबले. ठकीची आई गेली तेव्हा ठकी या आत्याकडे होती. परत आणली तेव्हा खोलीचं दार बंद होतं. विचारेल तेव्हा सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं, आणि ठकीने विचारलं नव्हतं.

त्याने तिला जवळ ओढलं. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

"आता मोठ्याने बोललं तरी चालतं, ठके."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने घसा खाकरला, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा.

"का?" ती म्हणाली.

आवाज बसका होता, पण स्पष्ट होता. बहिणीने पिठाचा हात तोंडावर धरला.

तो उठला. माठातून पेला भरला आणि ठकीच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, पण प्यायली नाही.

तिच्या 'का?'चं उत्तर द्यायचं अजून राहिलं होतं.