ऑब्रेचं उत्तर

ती ओळ जुळली तेव्हा उल्रिक स्वतःवरच बेहद्द खूश झाला होता. ऑब्रे त्याच्या बँडमध्ये पॅन, म्हणजे पत्र्याच्या पिंपाचं वाद्य, वाजवायचा आणि एरवी लंडनच्या एका हॉटेलात भांडी घासायचा. त्रिनिदादला आईला मात्र तो पत्रातून कळवायचा, मी इंजिनियर झालो. कॅलिप्सोची टोमणेबाज गाणी गाणाऱ्याला एवढं आयतं कोलीत पुरे. गाण्यातून एकाने खोडी काढायची, दुसऱ्याने कडव्यातच सव्याज परतफेड करायची आणि मग दोघांनी एका बाटलीतली रम प्यायची, ही त्यांच्याकडची रीत.

"ऑब्रे झाला लंडनला मोठा इंजिनियर साहेब,
भांडी घासून हातावरची रेघ झाली गायब!"

चर्चच्या हॉलात लोक हसून हसून लोळले. ऑब्रेही हसला. "थांब लेका, पुढच्या वेळी तुझी उतरवतो," म्हणाला.

इथवर सगळं रीतीला धरून होतं. पण त्याच आठवड्यात कुणीतरी रेकॉर्ड काढतो म्हणालं आणि उल्रिकला हाव सुटली. ऑब्रेच्या उत्तराची वाट न बघता, त्याला न विचारता त्याने तेच गाणं देऊन टाकलं. रेकॉर्ड बोटीने त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेन शहरात पोचली आणि रमच्या दुकानांतून वाजू लागली.

दोन महिन्यांनी ऑब्रेने आईचं पत्र उल्रिकच्या हातात दिलं.

'गल्लीतली पोरं ते गाणं म्हणत माझ्या मागे येतात. मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, हा ऑब्रे दुसरा कुणीतरी. माझा मुलगा खोटं बोलत नाही.'

उल्रिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "शेण खाल्लं रे मी, ऑब्रे. दोन कानफटात मार, पण काहीतरी बोल."

"पत्राची घडी नीट घाल," ऑब्रे म्हणाला. "मळेल."

त्या शनिवारी दुपारच्या नाचाला उल्रिकने माईक ऑब्रेपुढे धरला. "मंडळी, आज ऑब्रे माझी सालटी काढणार!" उल्रिकची सगळी अंडीपिल्ली ऑब्रेला ठाऊक होती. त्याने भर हॉलात आपली लाज काढावी, एवढीच उल्रिकची इच्छा होती. म्हणजे फिटंफाट झाली असती.

"भांडीवालं म्हणा! भांडीवालं!" लोक ओरडले.

ऑब्रेने माईक त्याच्याकडे परत सरकवला. "तूच म्हण. त्याच्यासाठीच आलेत सगळे."

आणि त्याने पॅनवर त्याच गाण्याची सुरावट धरली, एकही ठोका न चुकवता. उल्रिकला गावं लागलं.