हिरव्या नळीची गाडी

"सगळं काढ," अबू धारी म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वी तू घातलंस ते सगळं. गाडी कंपनीतून आली होती तशी करून दे. हिरव्यावर चालली पाहिजे."

हात पुसायचं फडकं मेकॅनिक रस्लानच्या हातातच राहिलं. पंपावरची हिरवी नळी स्वस्त पेट्रोलची, लाल महागाची. पण फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, सौदीतल्या ह्या हाइलच्या वाळूच्या टेकड्यांवर भल्याभल्यांना मागं टाकणारा हा माणूस हिरव्यावर कसा आला? कुठंतरी पाणी मुरत होतं.

"विकायचीय का?"

"नाही."

"मग पेट्रोल वाचवून काय हौद बांधणार?"

"काम सांगितलंय तुला, उलटतपासणी घ्यायला नाही," असं म्हणत अबू धारीने लोखंडी स्टूल ओढलं आणि तो गॅरेजच्या दारातच ठाण मांडून बसला.

ही गाडी म्हणजे रस्लानच्या हातचं सगळ्यात देखणं काम. इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर तिला मुळातच होता. रस्लानने त्याची पुली काढून लहान बसवली, तसा तो दुप्पट जोमाने फिरू लागला आणि गाडी लाल पेट्रोलशिवाय काही पिईना. आज ते सगळं आपल्याच हाताने उतरवायचं. सीरियातून इथं येऊन बावीस वर्षं झाली, पण असं काम कुणी सांगितलं नव्हतं.

त्याहून मोठी पंचाईत वेगळीच होती. गिऱ्हाइकाचे मूळ भाग खोक्यात नाव घालून जपायचे, हा इथला रिवाज. अबू धारीचं खोकं होतं, पण त्यात पुली नव्हती. रस्लानची स्वतःची गाडी त्याच जातीची, भंगारातून उभी केलेली. सात वर्षांपूर्वी तिची पुली फुटली तेव्हा त्याने ह्या खोक्यात हात घातला होता. ती गाडी आत्ता दारासमोर बोरीच्या झाडाखाली उभी होती, अबू धारीपासून दहा पावलांवर.

ह्याला कळलंय की काय? म्हणूनच हलत नाहीये का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"घरी जाऊन जेवून तरी या," रस्लान म्हणाला.

"भूक नाही."

"ऊन लागतंय तुम्हाला."

"तू हात चालव."

अबू धारी एकेक बोल्टवर नजर ठेवून होता. मधूनच विचित्र काहीतरी विचारी. इंजिन तापलं तर कुठला दिवा लागतो? हातात जोर कमी असेल तर एकट्याला चाक बदलता येईल का? नऊ वर्षं गाडी हाकणारा माणूस हे विचारतो? म्हणजे नक्कीच कुणा भोळ्याच्या गळ्यात मारणार, रस्लानने ठरवून टाकलं.

मग त्याने फळीवरून दुसरीच एक पुली काढली. दिसायला मूळ पुलीसारखीच, फक्त तीन मिलिमीटरने लहान. शहरात कळलंही नसतं. लांबच्या रस्त्यावर, भर उन्हात, हिरव्या पेट्रोलवर मात्र इंजिनात डब्यातल्या खड्यांसारखं वाजू लागलं असतं आणि एक दिवस आतलं फुटलं असतं. पण ते कुणा परक्याचं नशीब! त्याने पुली बसवली आणि झाकण खाली आणलं.

तेवढ्यात अबू धारीचा फोन वाजला. तो पाठ फिरवून हलक्या आवाजात बोलू लागला.

"हो बाळा, होत आली. आता चालेल... तिथं एकच पंप आहे, त्याच्याकडं हिरवंच मिळतं, म्हणून तर... नाही नाही, पहिल्या दिवशी एकटीनं निघायचं नाही. मी येतो मागून."

एकटीनं! इथं परक्या पुरुषासमोर घरच्या बाईमाणसाचा विषय कुणी काढत नाही, नाव तर नाहीच. म्हणून ह्याने सकाळपासून पेट्रोलचं नाव पुढं केलं होतं.

"घरच्यांना नोकरी लागली का?" त्याने जपून विचारलं.

"शाळेत. दीडशे किलोमीटर आत."

"मधे काय आहे?"

"मधे काहीच नाही," अबू धारी म्हणाला.

रस्लानने झाकण पुन्हा उचललं आणि पाना लावला.

"आता काय राहिलं?"

"ही पुली तुमची नाही, अबू धारी. तुमची माझ्या गाडीत आहे. मी घेतली होती. ही लहान आहे. त्या रस्त्यावर इंजिन खाऊन टाकेल."

अबू धारी ताडकन उठला. "भरवसा असता तर घरी झोपलो नसतो का! आणि ही लावून देणार होतास?"

"देणार होतो. मला वाटलं, कुणा परक्याला विकणार आहात."

"म्हणजे परक्याचं लेकरू मेलं असतं तर चाललं असतं!"

इतकी लाज रस्लानला आयुष्यात वाटली नव्हती. तो बोरीखाली गेला, स्वतःची गाडी उघडली आणि पुली काढून आणली. मोजून माप दाखवलं. बसवली. मग हिरवं भरून दोघे शहराबाहेरच्या चढावर तीनदा जाऊन आले. रस्लान मान कलती करून ऐकत होता. आत एकही खडा वाजला नाही.

परतल्यावर अबू धारी म्हणाला, "माझी आज उतरवलेली लहान पुली ठेव तुला, तुझ्या गाडीला लाव. आता तू पी लाल." तो हसला मात्र नाही. किल्ली घेऊन दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"रस्त्यात काही झालं तर तुला फोन येईल. उचलायचा."

"नंबर सांगा. 'अबू धारीचं घर' असं लिहून ठेवतो."

"घर नको. घरात पाच फोन आहेत, गोंधळ होईल तुझा." त्याने नंबर सांगितला. मग रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं. आवाज उतरवून म्हणाला, "नुवैर. नुवैर लिही."

रस्लानने मान वर केली नाही. त्याने आधी 'उस्ताज़ा' लिहिलं, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, आणि मग नाव. फोन त्याच्यापुढे धरला. अबू धारीने खिशातून चष्मा काढला, दोन्ही शब्द वाचले आणि मान डोलावली.

गाडी गेली. आवाज न करता गेली. शटर ओढून रस्लान पायीच घराकडे निघाला. वाटेत थांबून त्याने फोनचा आवाज वाढेल तेवढा वाढवला.