शेअर विकून टाक

पोलादपूरच्या वरच्या डोंगरात गोमाजीची वाडी. म्हशी तिथे घरोघर होत्या, पण मुंबईच्या गिरणीचे शेअर असलेला माणूस एकच, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. पाण्याला निघालेल्या बायांनाही त्याने ती ऐकवलेली होती. लक्ष्मीप्रसाद मिलचे नाव तो असे घेई, की ऐकणाऱ्याला वाटावे ती याच्याच गोठ्यात बांधलेली आहे.

पहिली मोठी लढाई संपली तेव्हा गिरण्यांची चलती होती. गोमाजीचा मुलगा सहदेव मुंबईला एका रुईच्या दलालाच्या पेढीवर शिपाई होता. त्याच्या सांगण्यावरून गोमाजीने तीन दुभत्या म्हशी महाडला नेऊन विकल्या आणि शेअर घ्यायला पैसे त्याच्या हाती दिले. त्याची बायको धोंडूबाई त्या दिवशी जेवली नाही. म्हशी तिने लहानाच्या मोठ्या केल्या होत्या. पण दिवाळीला सहदेवकडून नफ्याची मनिऑर्डर आली आणि मग दर दिवाळीला येत राहिली. बायकोचा राग गेला, नवऱ्याचा ताठा तेवढा वाढला.

शेअर घेतल्यानंतरच्या शिमग्याला सहदेव घरी आला होता. ओटीवर चार माणसे बसलेली असताना तो भीत भीत म्हणाला, "बाबा, बाजारात लोक असं धरून नाय बसत. सकाळी रुईचा सौदा घेतात, भाव चढला की सांजंला विकून मोकळे. रोजच्या रोज पैसा."

"सकाळी घेतलेली म्हैस सांजंला वेते काय रे?" गोमाजी गरजला. "त्याला धंदा नाय बोलत, जुगार बोलतात. माझा पोर त्या वाटंला गेला, तर त्याला ह्या उंबऱ्याच्या आत घेणार नाय. सांगून ठेवतो!"

माणसे हसली. सहदेवही हसला आणि वैरण टाकायच्या निमित्ताने उठून गेला. गोमाजी तोंडाचा फटकळ. पोटात मायाही होती, नाही असे नाही, पण ती बोलून दाखवायची त्याला कधी सवयच लागली नाही.

पुढे सहदेवचे येणे कमी झाले. कधी रजा नाही, कधी पेढीवर हंगाम. शेअर घेतले तेव्हा पाळण्यात असलेली त्याची बहीण शकू लग्नाला आली, तरी हा बिनलग्नाचाच. धोंडूबाईने कुठे मुलगी बघितली की निरोप येई, औंदा नको. मागे एकदा आला तो शेठचा जुना कोट घालून. बाह्या मनगटाच्या वर. गोमाजीने भर वाडीत त्याची थट्टा केली होती, "शेअरवाल्याचा पोर, आन् कोट दुसऱ्याचा?"

त्या वर्षी दिवाळीची मनिऑर्डर आली आणि पाठोपाठ गोमाजीचे गुडघे धरले. म्हणून तो महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडावर गेला. कुंडात शेजारी तुडीलचा कुशाबा नावाचा एक जण शेकत बसला होता. मुंबईला गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचा म्हणाला. गोमाजीला आयताच विषय मिळाला.

"कंच्या गिरणीत?"

"लक्ष्मीप्रसाद."

"अरे, मग तू माझाच माणूस की! माझे शेअर हायत तिथं."

कुशाबाने त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "मग बुडालात काका. गिरणीला टाळं लागून दोन सालं झाली. आन् त्याच्या आधी कैक सालं शेअरवाल्यांना दमडी नाय मिळाली. आमचेच पगार रडत होते."

"काय तरी बोलू नको. ह्या दिवाळीला मला नफा आलाय."

"मग कोण तरी पदरचं देत असंल तुमाला," कुशाबा म्हणाला आणि गुडघे चोळू लागला.

महाडहून पोलादपूरपर्यंत मोटारीत गोमाजी मुलाला मनातल्या मनात शिव्या घालत होता. चोर! बापाच्या म्हशी खाल्ल्यान! पण डोंगर चढायला लागला तशी शिवी मनात टिकेना. चोर कधी दर दिवाळीला घरी पैसे आणून देतो का? शिपायाचा पगार तो केवढा, आणि त्यातून हा नफा म्हणून काढायचा. औंदा नको, औंदा नको. लग्न त्यातच गेले. शिमगे, गणपती त्यातच गेले. त्या कोटाची आठवण झाली आणि गोमाजी वाटेतल्या कातळावर बसून पोरासारखा रडला. कुणी पाहत नव्हते, म्हणून पोटभर रडला.

घरी मात्र त्याने धोंडूबाईला अवाक्षर सांगितले नाही. मुंबईला जावे आणि समोर उभे राहून 'मला कळलंय रे' म्हणावे, असे एकदा मनात आले. पण मग पोर मान वर कशी करणार? खोटे उघडे न पाडता त्याला त्यातून सोडवायचे, असा विचार करता करता गोमाजीला युक्ती सुचली. शेअर विकायला सांगायचे. शेअर गेले की नफा पाठवायचा प्रश्नच मिटला. भाव पडला बाबा, हाती काही आले नाही, असे तो कळवील आणि आपण 'असू दे' म्हणू. झाले! आपल्या हुशारीवर तो इतका खूश झाला की गुडघ्यांची कळही विसरला.

शेजारचा मालोजी मुंबईला सहदेवच्याच खोलीत राहायचा. दिवाळीला आलेला, तो परत निघाला होता. गोमाजीने त्याला गाठले.

"सहदेवला सांग, शेअर विकून टाक. मला आता ते नकोत."

मालोजीचा चेहरा पडला. "आत्ताच, काका? सध्या भाव नाय."

"नसू दे. विकून टाक म्हणावं."

हाही सामील आहे तर, गोमाजी मनात म्हणाला, आणि त्याला हसू आले. महाडहून मचव्याने बाणकोटला जाऊन मुंबईची आगबोट गाठायला मालोजी डोंगर उतरून गेला. इकडे गोमाजीने बायकोला सांगून टाकले, "पोरी बघायला लाग गो. ह्या शिमग्याला सहदेव येतो का नाय बघ."

शिमग्याला मालोजी एकटाच आला. ओटीवर बसला, पाणी घेतले नाही.

"सहदेव कुठाय?" धोंडूबाईने विचारले.

मालोजी खाली बघून बोलू लागला. शेअर सहदेवने पहिल्याच सालात विकले होते. रोजच्या सौद्यात थोडे कमावले, मग सगळे घालवले. त्या दिवसापासून त्याने परत सौदा न लावायची शपथ घेतली होती. पेढीवर दिवसभर भावांची ओरड ऐकायचा, पण ती मोडली नाही. पगारातून आणि सुट्टीच्या दिवशी गोदीत हमाली करून तो घरी नफा पाठवायचा.

"मग निरोप पोचला. तुमाला एकदम पैसं कशाला होवेत, इचारलंन. मी म्हटलं, शकूचं लगीन ठरलं असंल. रात्रभर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पगाराची उचल घेतलान, माझ्याकडनं घेतलान, आणखी कुणाकुणाकडनं घेतलान, आन् सगळं रुईच्या तेजीवर लावलान. बोलला, एकच दिवस, मालोजी, मग परत कधी नाय. सांजंला भाव कोसळला. खोलीवर आलाच नाय तो. गोद्या धुंडल्या, इस्पितळं धुंडली. चार महिने होत आले, काका. कुठल्या तोंडानं सांगू म्हणून कळवलं नाय."

धोंडूबाईने हंबरडा फोडला. शकूने तिला धरले.

"मला ठाऊक होतं रे," गोमाजी म्हणाला. "सवच्या कुंडावरच कळलं होतं. मी त्याला सोडवत होतो."

मालोजीने मान वर केली. तोही आता रडत होता. "मग तसं सांगायचं होतंत ना, काका! एवढंच सांगितलं असतंत तर मी पळत गेलो असतो."

गोमाजी मुंबईला जाऊन आला. पेढीवर विचारले, गोदीत विचारले. कुणाला काही माहीत नव्हते. तेव्हापासून आठवड्याच्या बाजाराला तो महाडला उतरतो आणि बाजारात न जाता खाडीच्या धक्क्यावर जाऊन उभा राहतो. मुंबईला निघालेला कुणीही असो, ओळखीचा असो नसो, त्याचा हात धरतो आणि लहान पोराला समजावून सांगावे तसे सांगतो, "सहदेव नावाचा माझा पोर हाय. कुठं दिसला तर त्याला सांगा, बाबाला सगळं ठाऊक हाय. पैसं नकोत म्हणावं. घरी ये."

लोक बरे म्हणतात आणि मचव्यात चढतात.